विमानाचे दीड तास, आमचे पंधरा तास

नागपूर ते मुंबई हे अंतर किती, असा प्रश्न कोणी विचारला तर शाळकरी पोरगाही उत्तर देईल. परंतु आम्हाला विचाराल तर या प्रश्नाला एक उत्तर नाही. विमानात बसणाऱ्याचे अंतर वेगळे आहे, मोटारीने जाणाऱ्याचे वेगळे आहे आणि रेल्वेच्या जनरल डब्यात दाराशी पाय लोंबकळत ठेवून बसणाऱ्याचे अंतर तर फारच वेगळे आहे. नकाशा सर्वांसाठी सारखा असतो, घड्याळ मात्र खिसा पाहून चालते. ही गोष्ट आम्हाला एका पोराने शिकवली, म्हणून आधी त्याची हकिगत सांगतो.

उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीतला हा पोरगा. बारावी झालेला, वय पंचवीस-सव्वीस. मुंबईच्या विमानतळावर एका ठेकेदाराकडे प्रवाशांनी सोडून दिलेल्या ट्रॉल्या गोळा करण्याच्या कामाला होता. महिन्याचा पगार हातात सतरा हजार. एका उन्हाळ्यात रात्री अकराच्या सुमारास त्याला घरून फोन आला. बाप गेला. त्याने तिथल्या तिथे मोबाईलवर सकाळच्या नागपूरच्या विमानाचे भाडे पाहिले. लग्नसराई आणि शाळांच्या सुट्ट्यांचे दिवस. भाडे अकरा हजारांच्या वर होते. इकडे घरात बापाच्या शेवटच्या कामासाठीच उसनवारी चालली होती. पोराने विमानाचा नाद सोडला. सुटली ती गाडी पकडली आणि भुसावळपर्यंत उभ्याने आला. पंधरा तासांहून अधिक काळ गाडीत काढून नागपूरला उतरला तेव्हा सर्व काही आटोपले होते. नागपूरच्या मे महिन्यात मयत किती वेळ ठेवणार? अस्थी गोळा करण्यापुरता मुलगा पोहोचला. आठ दिवसांनी तो मुंबईला परत गेला तर त्याच्या जागी दुसरा पोरगा लागलेला होता.

तो आमच्याकडे आला तेव्हा नोकरीचे काही सांगितले नाही. एवढेच म्हणाला, "वकीलसाहेब, रोज नागपूरचं विमान माह्या डोयासमोरून उडते. पण बापाच्या मातीले मले येता नाई आलं." आम्ही वीस वर्षे कोर्टात युक्तिवाद केले, पण या वाक्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

आता आकडे पाहू. नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळापासून मुंबईच्या सांताक्रूझ-सहारच्या विमानतळापर्यंत सरळ रेषेत अंतर सुमारे ६८५ किलोमीटर भरते. रेल्वेने नागपूर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर ८३७ किलोमीटर आहे. ५ जून २०२५ रोजी शेवटचा टप्पा खुला होऊन पूर्ण झालेला समृद्धी महामार्ग नागपूरपासून ठाणे जिल्ह्यातल्या आमणेपर्यंत ७०१ किलोमीटरचा आहे. म्हणजे रेल्वे वळसे घेते, घाट उतरते, म्हणून दीडशे किलोमीटर जास्त. इतपत समजण्यासारखे आहे. परंतु वेळेचे काय? विमानाला दीड तास. दुरांतोला अकरा तासांच्या आसपास. बाकीच्या गाड्यांना तेरा ते पंधरा तास, उशीर झाला तर त्याहून अधिक. अंतरात फरक वीस-बावीस टक्क्यांचा आणि वेळेत फरक दहापट!

विमानाचे हे दीड तासही सगळे हवेतले नसतात. जेट विमान वर गेल्यावर ताशी आठशे किलोमीटर वेगाने चालते असे धरले तर ६८५ किलोमीटरला पन्नास-बावन्न मिनिटे पुरेत. पण चढताना आणि उतरताना वेग कमी असतो. शिवाय जागेवरून हलून धावपट्टीपर्यंत जाणे, तिथे रांगेत थांबणे, मुंबईवर पोहोचल्यावर उतरायची परवानगी मिळेपर्यंत आकाशात घिरट्या घालणे, यात वेळ जातो. मुंबईच्या जुन्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. म्हणून कंपन्या वेळापत्रकात आधीच जादा मिनिटे धरून ठेवतात. हिवाळ्यात वरच्या थरात पश्चिमेकडून पूर्वेकडे वारा वाहतो. तेव्हा मुंबईहून नागपूरला येणारे विमान थोडे लवकर पोहोचते आणि जाणाऱ्याला थोडा वेळ अधिक लागतो. विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबेपर्यंतच्या या सगळ्या वेळेला त्या धंद्यात 'ब्लॉक टाइम' म्हणतात. हा शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे कायद्याच्या बोलण्यात तो येणार आहे.

या हवाई मार्गाशी आमच्या समाजाचे नाते आजचे नाही. स्वातंत्र्यानंतर १९४९ साली रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून डाकोटा विमाने निघत, मध्यरात्री नागपूरच्या सोनेगावला एकत्र येत, तिथे टपालाची आणि प्रवाशांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतत. नागपूर देशाच्या मध्यावर असल्याचा हा फायदा. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर ११ ऑक्टोबर १९५६ रोजी दिल्लीहून विमानानेच नागपूरला आले आणि तीन दिवसांनी, १४ ऑक्टोबरला, त्यांनी लाखो अनुयायांसह बुद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या लाखोंमधले किती जण विमानाने आले होते? आमचे आजे-पणजे पायी आले, बैलगाडीने आले, रेल्वेने आले. बायकांनी अंगावरचे किडूकमिडूक विकून तिकिटे काढली, हे आम्ही आमच्या घरातच ऐकले आहे.

त्यानंतर दोन महिनेही झाले नाहीत आणि ६ डिसेंबर १९५६ चा काळा दिवस उगवला. बाबासाहेबांचे पार्थिव त्याच रात्री दिल्लीहून विमानाने निघाले. ते विमान नागपूरला थांबले. अपरात्री सोनेगावच्या विमानतळावर लोक जमले, रडले. ज्या माणसाने त्यांना काही आठवड्यांपूर्वी नवा जन्म दिला होता, त्याचे अंत्यदर्शन घेऊन ते परत फिरले. विमान पुढे गेले आणि ७ डिसेंबरच्या पहाटे सांताक्रूझला उतरले. डाकोटासारख्या त्या काळच्या विमानाला नागपूर-मुंबई हे अंतर कापायला अडीच तास लागत. म्हणजे आज आम्ही ज्याला नागपूर-मुंबई विमानमार्ग म्हणतो, तो आमच्या दृष्टीने दीक्षाभूमी आणि चैत्यभूमी यांना जोडणारा मार्ग आहे. बाबासाहेबांचा अखेरचा प्रवास याच मार्गाने झाला.

त्या रात्री विमानात जागा नसलेला समाज रेल्वेने मुंबईकडे धावला. आज सात दशके होत आली, दरवर्षी ६ डिसेंबरला तो रेल्वेनेच धावतो आहे. मध्य रेल्वे नागपूरहून अनारक्षित विशेष गाड्या सोडते, हे खरे आहे आणि त्याबद्दल तक्रार नाही. परंतु त्या गाड्यांत म्हातारी माणसे कशी जातात, तान्ही पोरे घेऊन बाया कशा बसतात, संडासाच्या दारात माणसे कशी झोपतात, हे ज्यांनी पाहिले नाही त्यांनी एकदा पाहावे. याच सुमारास दुसऱ्या दिशेने दुसरी वर्दळ सुरू असते. १९५३ च्या नागपूर करारानुसार विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात होते. ते बहुधा डिसेंबरमध्येच भरते. मंत्री, सचिव, अधिकारी, आमदार आणि त्यांचे खाजगी सहायक मुंबईहून नागपूरला विमानाने येतात. तिकीट सरकारी खर्चाने. एकाच आठवड्यात, एकाच मार्गावर, वरून राज्यकर्ते पूर्वेला चालले आहेत आणि खालून भीमसैनिक पश्चिमेला. एकाला दीड तास, दुसऱ्याला पंधरा तास. यालाच आम्ही सामाजिक अंतर म्हणतो. ते किलोमीटरमध्ये मोजता येत नाही.

कोणी म्हणेल, वकीलसाहेब, विमान हा धंदा आहे, ज्याला परवडेल त्याने जावे. आम्ही हे मान्य करत नाही. १९९४ साली सरकारी विमान महामंडळांची मक्तेदारी संपवणारा कायदा झाला आणि पुढे भाडे ठरवण्याचे काम कंपन्यांकडे गेले. विमानातल्या जागांचे निरनिराळ्या भावांचे गट पाडलेले असतात. स्वस्त गट आधी विकला जातो, महाग गट शेवटी उरतो. तीन आठवडे आधी तिकीट काढणाऱ्याला तेच आसन तीन-चार हजारांना मिळते आणि उद्या सकाळी जाणाऱ्याला दहा-बारा हजारांना. कंपनीच्या खर्चाने फिरणाऱ्या साहेबाला याने काही फरक पडत नाही. परंतु मरण तीन आठवडे आधी कळवून येत नाही. दवाखान्यातून फोन येतो तो आजच्यासाठीच येतो. म्हणजे ज्याची गरज सर्वांत मोठी, त्याच्याकडूनच सर्वांत जास्त पैसे घेण्याची ही रीत आहे.

आणि सरकारला भाडे बांधता येत नाही असेही नाही. दोन वेळा बांधले आहे. कोरोनाच्या टाळेबंदीनंतर २५ मे २०२० रोजी देशांतर्गत विमाने पुन्हा सुरू झाली तेव्हा सरकारने उड्डाणाच्या वेळेनुसार सात गट केले आणि प्रत्येक गटाला किमान व कमाल भाडे ठरवून दिले. साठ ते नव्वद मिनिटांच्या प्रवासाला सुरुवातीला तीन हजार ते नऊ हजार अशी मर्यादा होती. ही व्यवस्था, मर्यादा अधूनमधून बदलत, ३१ ऑगस्ट २०२२ पर्यंत चालली. विमान कंपन्या त्यामुळे बंद पडल्या नाहीत.

दुसरी वेळ डिसेंबर २०२५ ची. वैमानिकांच्या कामाच्या तासांचे नवे नियम लागू झाले होते. देशातल्या सर्वांत मोठ्या विमान कंपनीने, म्हणजे इंडिगोने, त्यासाठी पुरेशी तयारी ठेवली नाही. हजारो उड्डाणे रद्द झाली, लोक विमानतळांवर झोपले आणि उरलेल्या विमानांची भाडी गगनाला भिडली. तेव्हा केंद्र सरकारने अंतरानुसार कमाल भाडे जाहीर केले. पाचशे किलोमीटरपर्यंत साडेसात हजार, पाचशे ते हजार किलोमीटरला बारा हजार, हजार ते दीड हजार किलोमीटरला पंधरा हजार आणि त्यापुढे अठरा हजार. कर आणि विमानतळाचे शुल्क वेगळे. नागपूर-मुंबई ६८५ किलोमीटर, म्हणजे बारा हजारांच्या गटात. हा आदेश निघाला ती तारीख कोणती? ६ डिसेंबर! त्या दिवशी आमचा समाज चैत्यभूमीच्या रांगेत उभा होता. विमानाच्या प्रवाशांचे हाल दूरचित्रवाणीवर दिवसभर दिसत होते, आणि तसे ते दिसायलाच हवेत, कारण हाल कोणाचेही वाईटच. परंतु चार दिवस विमानतळावर झोपावे लागले तर देश हादरतो, आणि सत्तर वर्षे दरवर्षी रेल्वेच्या फलाटावर झोपणाऱ्यांची बातमी आतल्या पानावर चार ओळींची असते. हा भेद कोणता आहे, हे आम्ही सांगायला नको.

शिवाय बारा हजार ही मर्यादा कोणासाठी? सतरा हजार पगाराच्या पोराला अकरा हजारांचे तिकीट या मर्यादेच्या आतच बसते! संकटाच्या काळात श्रीमंताला वाचवणारी मर्यादा आणि रोजच्या काळात गरिबाला वाचवणारी मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हवाई चप्पल घालणारा माणूस विमानात बसला पाहिजे, असे पंतप्रधानांनी २०१७ साली शिमल्याला 'उडान' योजनेच्या वेळी सांगितले. घोषणा चांगली होती. सुमारे तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपये, तेही विमानातल्या काही जागांपुरते, असे ठरले. महाराष्ट्रातल्या नांदेडहून हैदराबादला पहिल्याच दिवशी, २७ एप्रिल २०१७ ला, विमान उडाले. पुढे काय झाले? देशाच्या महालेखापालांनी २०२३ च्या अहवालात हिशेब दिला. तिसऱ्या टप्प्यापर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर विमान सुरूच झाले नाही. सुरू झालेल्या ३७१ पैकी केवळ ११२ मार्गांनी सवलतीची तीन वर्षे पूर्ण केली. आणि त्यानंतर मार्च २०२३ पर्यंत टिकून राहिले ते फक्त ५४. चप्पल तीच राहिली, विमान मात्र गेले. आणि नागपूर-मुंबईसारख्या भरभरून चालणाऱ्या मार्गाला ही योजना लागूच नाही. जिथे आमचा कामगार खरोखर ये-जा करतो, तिथे त्याला सवलत नाही.

आता कायद्याचे दोन शब्द, कारण आमच्या समाजातलेही अनेक जण आता विमानाने जातात. पोरे शिकली, नोकरीला लागली, आईबापांना एकदा विमानात बसवायचे म्हणून तिकिटे काढतात. याचा आम्हाला आनंद आहे. परंतु त्यांना आपला हक्क ठाऊक नसतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार, वेळेत न कळवता उड्डाण रद्द झाले तर तिकिटाचे पैसे परत मिळतातच, शिवाय भरपाईही मिळते. ती ब्लॉक टाइमवर ठरते. एक तासापर्यंत पाच हजार, एक ते दोन तासांना साडेसात हजार, दोन तासांच्या वर दहा हजार. मूळ भाडे आणि इंधन आकार मिळून याहून कमी होत असतील तर तेवढे. नागपूर-मुंबई दीड तासाचा मार्ग, म्हणजे साडेसात हजारांचा गट. वादळ, संप अशी कंपनीच्या हाताबाहेरची कारणे असतील तर ही भरपाई मिळत नाही. पण 'ऑपरेशनल कारण' एवढे दोन शब्द सांगून कोणी बोळवण करीत असेल तर ते निमूट ऐकून घेऊ नये, लेखी कारण मागावे. या मार्गावर विमानाला दोन तासांहून अधिक उशीर झाला तर चहापाणी-जेवण देणे कंपनीवर बंधनकारक आहे. सहा तासांहून अधिक उशीर होणार असेल तर दुसरे विमान किंवा पूर्ण पैसे, यातले एक प्रवाशाने निवडायचे आहे.

कंपनीने ऐकले नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात दाद मागता येते. तिकीट कंपनीच्या मुख्य कार्यालयाच्या गावी जाऊन भांडण्याची गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी फी नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. आम्ही वकील असून हे सांगतो आहोत! बोर्डिंग पास, संदेश, पावत्या जपून ठेवा, एवढेच.

शेवटचा मुद्दा नोकरीचा. मुंबईचा विमानतळ २००६ साली खाजगी कंपनीच्या हाती गेला. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये विकली गेली. संविधानाच्या कलम १६(४) मधले आरक्षण हे राज्याच्या सेवांसाठी आहे. सेवा राज्याची राहिली नाही की आरक्षणही संपले. जिथे पूर्वी आमचा माणूस कारकून, तंत्रज्ञ, अधिकारी म्हणून कायम नोकरीत असे आणि रजेचा, प्रवास सवलतीचा हक्क मागत असे, तिथे आज आमचा पोरगा ठेकेदाराच्या कागदावर ट्रॉल्या ढकलतो. बापाच्या मातीला गेला म्हणून त्याची जागा जाते. विमान त्याच्यापासून पन्नास फुटांवर उभे असते, पण त्याच्यासाठी ते नागपूरपेक्षाही लांब असते.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. एक, अंतरानुसार कमाल भाड्याची मर्यादा केवळ संकटापुरती न ठेवता वर्षभर ठेवावी आणि ती सामान्य माणसाचा पगार डोळ्यांसमोर ठेवून ठरवावी. दोन, घरात मृत्यू किंवा गंभीर आजार असेल तर दाखल्यावर प्रत्येक विमानात काही जागा किमान भाड्यात देणे कंपन्यांवर बंधनकारक करावे. दाखला नंतर सादर करण्याची मुभा असावी. तीन, ६ डिसेंबर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या विशेष गाड्यांचे वेळापत्रक, परतीच्या गाड्यांसह, किमान महिनाभर आधी जाहीर व्हावे. चार, विमानतळावरच्या ठेका कामगारांना जवळच्या नातलगाच्या मृत्यूसाठी पगारी रजा आणि परतल्यावर त्याच जागी काम, ही अट प्रत्येक ठेक्यात असावी. यातली एकही मागणी आकाशातली नाही.

२००५ साली नागपूरच्या विमानतळाला बाबासाहेबांचे नाव मिळाले, तेव्हा आम्ही सोनेगावला पेढे वाटले होते. त्या नावाचा अभिमान आजही आहे. परंतु नाव दर्शनी भागावर लावून जबाबदारी संपत नाही. ज्या विमानतळावर त्या रात्री लोकांनी बापाचे अंत्यदर्शन घेतले, त्याच विमानतळावर उतरून एका कामगाराला आपल्या बापाचे अंत्यदर्शन घेता येत नसेल, तर त्या नावाला आम्ही अजून न्याय दिलेला नाही.

तो पोरगा आता नागपुरातच आहे. पडेल ते काम करतो आणि संध्याकाळी आमच्या विहारातल्या वर्गात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. परवा आम्ही त्याला विचारले, कशासाठी फॉर्म भरला? तो म्हणाला, विमानतळ प्राधिकरणाचा. आम्ही त्याची फी भरली. वाचकहो, आपल्या वस्तीतल्या अशा एका पोराची फी आपणही भरावी, एवढी विनंती.

जयभीम!